सुंदरबाईची गिटार

ऑर्केस्ट्रात चार वर्षं काढली की माणसाकडे दोन गोष्टी साठतात. एक, तुटलेल्या तारा आणि दुसरी, किस्से. तारा निदान भंगारवाला तरी घेतो. किस्से कोणी विकत घेत नाही, आणि ते टाकूनही देता येत नाहीत. मग भेटेल त्याला ऐकवत सुटायचं. आज तुम्ही भेटलात!

आमच्या ऑर्केस्ट्राचं नाव 'तापी-तरंग'. मुक्काम जळगाव, नानांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. नाना म्हणजे आमचे मालक, अ‍ॅकॉर्डियनवादक आणि लाउडस्पीकरवाले, सगळं एकच. मंदाताई गायिका. दिवसा शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे ताल चुकला की त्यांना राग येत नाही, त्या नुसतं बघतात. ते जास्त वाईट! गिटारवर हिंमत. तो धरणगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, तालमीला पॅसेंजरने यायचा. आणि मी बी.एस्सी. होऊन घरी बसलेला, म्हणून मला निवेदनाचं काम दिलं. नाना मला 'प्रोफेसर' म्हणतात. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मला अजून उलगडलेलं नाही.

*

हिंमत पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा नाना एका रेडिओच्या पोटात डोकं घालून बसले होते. डोकं बाहेर न काढताच त्यांनी विचारलं, "काय काम?"

"गिटार वाजाडाले उनू," हिंमत म्हणाला. तो घरात, स्टेजवर, साहेबासमोर, सगळीकडे अहिराणीतच बोलतो.

नानांनी डोकं बाहेर काढलं आणि त्यांची नजर हिंमतच्या डाव्या हातावर गेली. करंगळीची वरची दोन पेरं नव्हती. जिनच्या रोलरमध्ये गेलेली. गिटारवाल्याचा डावा हात म्हणजे तारा दाबायचा हात. नाना म्हणाले, "अरे, चार बोटांचं काम आहे ते. तुझ्याकडे तीनच."

"नाना, मी बोटे मोजाले नही उनू."

आणि त्याने कोणाची तरी मागून आणलेली गिटार वाजवली. तीन बोटांत अशी काही वाट काढली होती पठ्ठ्याने, की करंगळी सगळ्यांना उगाचच दिली आहे असं वाटावं. वाजवून झाल्यावर नाना स्वतःच्या हातांकडे बघायला लागले. मग मंदाताई म्हणाल्या, "नाना, आता तुमची बोटं मोजा. दहा असून काय करताय ते बघू!"

*

हिंमत घेतला, पण गिटार नव्हती. नानांनी स्वतःच एक बनवली. मूळची मांडीवर ठेवून वाजवायची हवाईयन गिटार, तिला जुन्या रेडिओचं सामान जोडलेलं. आवाज ठीक होता. फक्त शॉक मारायची! हिंमतने त्यावर उपाय शोधला होता. रबरी चप्पल घालून वाजवायचं.

धरणगावला एका लग्नात आमचा कार्यक्रम होता. गोरज मुहूर्त. मांडवाला नुकताच पाण्याचा सडा मारलेला, आणि स्टेज म्हणजे त्याच ओल्या जमिनीवर अंथरलेली सतरंजी. आम्ही सुरू करणार, तेवढ्यात मुलीचे मामा धावत आले. "देवक बसवलंय! चपला काढा बठ्ठ्यास्नी!"

नानांनी समजावून पाहिलं. मामा ऐकेनात. हिंमतने चपला काढल्या.

पहिल्या गाण्यालाच तो जागेवरून हातभर उडाला. मग प्रत्येक ओळीला एक उडी. मान हलते आहे, केस उडताहेत, बेलबॉटम फडफडते आहे! लोकांना वाटलं, मुंबईची नवीन फॅशन. शिट्ट्या सुरू झाल्या. वऱ्हाडी ओरडायला लागले, "वन्स मोअर! उड्यावाला, वन्स मोअर!"

हिंमत घामाघूम होऊन नानांकडे वळला. "नाना, माले चप्पल द्या, नहीते नवरदेवले वाजाडाले बसाडा!"

त्याच दिवशी ठरलं, नवीन गिटार घ्यायची.

*

ठरलं खरं, पण देणार कोण? देणारे निघाले मोतीशेठ. डाळमिलचे मालक. पुतण्याच्या लग्नात त्यांनी आम्हाला ऐकलं होतं. एक दिवस दुकानात आले आणि म्हणाले, "तुम्हाला एक बाजा द्यायचा म्हणतोय. आईच्या नावाने. आई गेल्याला वर्ष होतंय."

मोतीशेठच्या आईंचं नाव सुंदरबाई. मी निवेदक, म्हणून लगेच वही काढली. "शेठजी, आईंना कुठली गाणी आवडायची? निवेदनात घेतो."

"गाणी? आईला गाण्याचा आवाज सहन व्हायचा नाही. घरात रेडिओ आणला तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती."

मी वही मिटली. "मग गिटार कशी काय, शेठजी?"

शेठ शांतपणे म्हणाले, "मंदिरात घंटा दिली. पाणपोई झाली. स्मशानात बाकडी झाली. आता गावात राहिलंय काय?"

*

गिटार धुळ्याला मिळते असं कळलं. शेठच्या अँबॅसिडरमधून शेठ, नाना, हिंमत, मंदाताई आणि मी असे निघालो. पारोळ्यापर्यंत शेठ झोपले, आणि पारोळ्यानंतर हिंमत सोडून आम्ही सगळे. तो खिडकीतून बाहेर बघत मांडीवर बोटं चालवत होता.

आग्रा रोडला हकीमभाईंचं वाद्यांचं दुकान. तबले, बुलबुलतरंग, लग्नाच्या बँडच्या पितळी पिपाण्या, आणि मध्ये काचेच्या कपाटात दोन इलेक्ट्रिक गिटारी. दोन्ही कलकत्त्याच्या एकाच कारखान्यातल्या. दोन्ही लाल. दोन्हींवर तारांच्या खाली चकचकीत पत्र्याची पाटी. एकीची पाटी कोरी. दुसरीच्या पाटीवर झोकदार, तिरकी, लांबलचक सही!

"ये साधी. और ये सहीवाली," हकीमभाई म्हणाले. "मुंबईचा लई मोठा आर्टिस्ट आहे. त्याच्या पसंतीने बनवली, म्हणून त्याची सही. वो जैसी बजाता है, बिलकुल वैसी."

"नाव काय त्यांचं?" मी विचारलं.

हकीमभाईंनी एक नाव सांगितलं. थोड्या वेळाने मंदाताईंनी विचारलं तेव्हा दुसरं सांगितलं. पण नानांचे डोळे त्या सहीवरून हलेनात. त्यांनी तिथंच ठरवून टाकलं. "पत्रकावर छापता येईल. 'नामवंत कलावंताच्या सहीच्या गिटारसह!' दोंडाईचाचे व्यापारी एका पायावर बोलावतील."

मंदाताई म्हणाल्या, "सही वाचता येत नाही नाना. छापणार काय? 'कोणाच्या तरी सहीसह'?"

हिंमतने आधी साधी घेतली. मांडीवर ठेवली, दोन सूर धरले, हसला. मग सहीवाली घेतली. हसू गेलं.

तो मोठा आर्टिस्ट लांब बोटांचा असावा. सहीवालीचा तारा दाबायचा दांडा चांगला रुंद होता. साध्या गिटारवर हिंमतचं तिसरं बोट करंगळीच्या कामालाही धावून जायचं. इथं ते अर्ध्या वाटेत राहत होतं. त्याने तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा तार भणभणली.

आता मला राहवेना. मी तिथंच, दुकानात उभ्या उभ्या, भाषण सुरू केलं. "गिटार हाताला बसते की नाही हे बघायचं की सही? आपण कलेची पूजा करतो की नावाची? हात आपल्या माणसाचा आणि माप परक्याचं, हे काय..."

"प्रोफेसर," नाना म्हणाले, "निवेदन स्टेजवर."

*

हकीमभाई व्यवहाराला पक्के. मोतीशेठसारखं गिऱ्हाईक गाडीतच बसलेलं पाहून, बाहेर जाऊन म्हणाले, "दोन्ही घेऊन जा शेठ. आठ दिवस बघा. पसंत पडेल ती ठेवा, दुसरी परत पाठवा." लग्नाच्या साड्या नाही का घरी पसंतीला देत, तशा!

त्यामुळे पुढचे आठ दिवस दोन्ही गिटारी नानांच्या दुकानात टांगलेल्या. आणि जळगावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. रेडिओ बिघडलेला नसलेले लोकही दुकानात यायला लागले. प्रत्येकजण ती सही वाचायचा प्रयत्न करायचा. एका तलाठ्याने वाचली, ती आमच्या निवृत्त पोस्टमास्तरांना पटली नाही. पोस्टमास्तरांनी वाचली ती कोणालाच पटली नाही.

शेवटी कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले कंपाउंडर भाऊ आले. गेली वीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचणारा माणूस! सगळ्यांनी वाट करून दिली. त्यांनी चष्मा पुसला, गिटार उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"सही आहे एवढं नक्की," कंपाउंडर भाऊ म्हणाले. "पण औषध काही दिलेलं नाही."

*

तिसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो तर भुसावळचे फर्नांडिस बसलेले. रेल्वेत गार्ड. उंच, सडपातळ, आणि बोटं अशी लांब, की चहाचा कप हातात घेतला तर दिसेनासा होई. ते कधीमधी मोठ्या कार्यक्रमांना गिटार वाजवत. त्यांना नानांनी बोलावलं होतं. का बोलावलं होतं, ते नाना सांगत नव्हते आणि सगळ्यांना कळलं होतं. सहीवाली गिटार घेतली, की तिला बसणारा हातही घ्यावा लागणार होता.

हिंमत पॅसेंजरने आला. त्याने फर्नांडिसना पाहिलं, नमस्कार केला आणि पाणी पिऊन कोपऱ्यात बसला.

माझं डोकं तापलं. म्हटलं, याचा निकाल शास्त्रानेच लावायचा. मी परीक्षा जाहीर केली! मध्ये मंदाताईंची चादर बांधायची. चादरीमागे फर्नांडिस एकच गाणं दोन्ही गिटारींवर वाजवणार. चादरीपुढे आम्ही. कुठली चांगली वाजते ते चिठ्ठीवर लिहायचं. सही दिसणार नाही, मग बघू कोणाला काय आवडतं!

पहिली वाजली. दुसरी वाजली. मला चिठ्ठी लिहायचाही धीर नव्हता. मी उभाच राहिलो. "पहिली! पहिलीत काय सच्चेपणा आहे! ही साधी. साधेपणा कधी लपत नाही. दुसरीत नुसता दिमाख. ती सहीवाली!"

फर्नांडिसनी चादरीवरून मान वर काढली. "पहिली सहीवाली होती."

मंदाताई इतक्या हसल्या की चादरीची एक गाठ सुटली.

फर्नांडिस सज्जन माणूस. मला वाचवायला म्हणाले, "मला विचाराल तर दोन्ही सारख्याच वाजतात." नानांना ते पटेना. त्यांनी लगेच पेचकस घेतला आणि दोन्ही गिटारींच्या पाट्या उघडल्या. रेडिओवाला माणूस! आतली एकेक वायर बोटाने चाचपली. मग सावकाश म्हणाले, "आत तर दोन्ही एकच आहे. तेच कॉइल, तीच जोडणी. फरक फक्त दांड्याचा."

"मग झालं तर!" मी म्हणालो. "हिंमतला बसते ती घ्या!"

नाना पाटीचे स्क्रू पिळत म्हणाले, "अहो पण बाहेर सही आहे ना!"

*

त्यानंतर हिंमत रोज यायला लागला. पाळी संपली की पॅसेंजर, दुकान, सहीवाली गिटार. साध्या गिटारला त्याने हातही लावला नाही. म्हणायचा, "नानाना मनमा शे, ते शिकी लेऊ."

सहाव्या दिवशी दुपारी मंदाताई शाळा सुटल्यावर डोकावल्या, तर हा एकटाच. बोटांना हळद लावून, चिंधी गुंडाळून बसलेला. तिसरं बोट सुजून वांग्यासारखं झालं होतं.

"अरे, हे काय करून घेतलंस?" ताई ओरडल्या.

हिंमतने हात मागे घेतला. मग म्हणाला, "ताई, हकीमभाईना दुकानमा हात बदली भेटतस का? तेवढं इचारी ल्या."

ताई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे घरी आल्या, आणि हे एवढंच सांगून निघून गेल्या.

मी सात पानं लिहिली. खरंच सात! कला, श्रम, माणसाचा हात, नावाची गुलामगिरी, सगळं त्यात घातलं. ठरवलं, आठव्या दिवशी शेठ निकाल द्यायला येतील तेव्हा त्यांच्यासमोर हे वाचायचं. ऐकलं तर ठीक, नाहीतर 'तापी-तरंग'ला रामराम. हिंमत जाणार असेल तर मीही जाणार!

हिंमतला हे सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, तू जाशी ते कोनले फरक पडाव शे? तू बोलस, लोके चहा पेतस." आणि वर म्हणाला, "फर्नांडिस चांगला मानूस शे. मी नानाले सांगी देस, त्यास्ले ल्या."

*

आठव्या दिवशी सकाळी सगळे हजर. फर्नांडिस ड्युटीवरून थेट आलेले, गार्डाच्या पांढऱ्या कपड्यांत. हिंमत दारापाशी उभा, बोटांना चिंधी. माझ्या खिशात सात पानं. नानांनी सहीवाली पुसून, तिला हार घालून टेबलावर ठेवलेली. साधी मागच्या खिळ्याला.

मोतीशेठ आले. बरोबर पंडितला घेऊन आले होते. पंडित म्हणजे भांडेबाजारातला नाव घालणारा. आमच्याकडे लग्नात तांब्या द्या, हंडा द्या, परात द्या, तिच्यावर देणाऱ्याचं नाव हवंच. पंडित हातोडी आणि छोटी छिन्नी घेऊन भांड्याच्या दुकानापुढे बसायचा, आणि टकटक टकटक करत ठिपक्या-ठिपक्यांनी नाव उठवायचा. जळगावात निम्म्या घरांच्या मांडणीवर त्याचं अक्षर आहे.

शेठ खुर्चीवर बसले. "घाल बाबा. 'कै. सुंदरबाई यांच्या स्मरणार्थ'. मोठं घाल."

पंडितने हार बाजूला केला, पाटीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "शेठ, ह्याच्यावर आधीच नाव आहे."

शेठ पुढे वाकले. "कोणाचं?"

"मुंबईचे मोठे कलावंत आहेत, शेठजी," नाना लगबगीने म्हणाले. "त्यांची सही."

"त्यांनी दिला का हा बाजा?"

"छे छे, देताय तुम्हीच!"

"मग त्यांचं नाव कसं?"

नाना गडबडले. "म्हणजे, त्यांच्या नावामुळेच तर हिला किंमत..."

"नाना," शेठ म्हणाले, "दुसऱ्याचं नाव घातलेला हंडा मी आईच्या नावाने देऊ? लोक काय म्हणतील, आहेरात आलेला फिरवला?"

नानांनी शेवटचा प्रयत्न केला. "मागच्या बाजूला घालू या ना शेठजी! मागे भरपूर जागा आहे!"

शेठ ताठ झाले. "आई मागे?"

शेठनी इकडे तिकडे पाहिलं. त्यांची नजर खिळ्याला टांगलेल्या गिटारवर गेली. कोरी, चकचकीत पाटी. "ती कोणाची?"

"ती साधी आहे," नाना बारीक आवाजात म्हणाले.

"तिच्यावर कोणाचं नाव आहे?"

"कोणाचंच नाही."

"मग ती आण की!"

पंडितने साधी गिटार मांडीवर आडवी घेतली. छिन्नी टेकवली. टकटक टकटक सुरू झालं. माझी सात पानं खिशातच राहिली. फर्नांडिस उठले, हिंमतजवळ गेले, त्याच्या बोटांची चिंधी नीट बांधून दिली आणि म्हणाले, "आता चार दिवस वाजवू नको." मग भुसावळची गाडी पकडायला निघून गेले.

अर्ध्या तासाने पंडितने फुंकर मारून गिटार हिंमतच्या हातात दिली. हिंमतने नावावरून अंगठा फिरवला. "काकी," तो हळूच म्हणाला, "माफ करज्यात. आते रोज ऐकनं पडी तुम्हले."

*

सुंदरबाईंचा पहिला कार्यक्रम दोंडाईचाला झाला. हिंमत असा वाजला, असा वाजला, की मी निवेदन विसरलो. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही!

पण खरी गंमत नंतर सुरू झाली. स्टेजवर गॅसबत्तीसारखे दिवे, त्यात ती पाटी लखलखायची. 'कै.' आणि 'स्मरणार्थ' बारीक पडायचं, आणि मधलं 'सुंदरबाई' तेवढं लांबून दिसायचं. लोक म्हणायला लागले, सुंदरबाईची गिटार. मग गिटारही गळून पडली. एकदा एका लग्नाचे यजमान ठरवायला दुकानात आले आणि नानांना बजावून गेले, "बाकी कोणी नसलं तरी चालेल, पण सुंदरबाई आल्या पाहिजेत!"

नाना म्हणाले, "येतील. हिंमत त्यांना खांद्यावर घालून आणतो."

मोतीशेठच्या कानावर हे गेलं तेव्हा आम्ही घाबरलो. शेठ रागावले नाहीत. म्हणाले, "पाणपोईचं पाणी रोज एवढे लोक पितात, पण आईचं नाव कोणी घेतलं नाही."

*

आता शेवटचा. गेल्या महिन्यातला.

तारा संपल्या होत्या म्हणून मी आणि हिंमत एस.टी.ने धुळ्याला गेलो. दुकानात हकीमभाई नव्हते. हजला गेलेले. त्यांचे धाकटे भाऊ मालेगावहून येऊन दुकान सांभाळत होते. ते आम्हाला ओळखत नव्हते.

काचेच्या कपाटात तीन गिटारी ओळीने उभ्या. तिन्ही लाल, तिन्ही साध्या दांड्याच्या. तिन्हींच्या पाट्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं: 'सुंदरबाई'.

मी हिंमतकडे पाहिलं. हिंमत कपाटाकडे पाहत होता.

"बघायची?" धाकटे भाई म्हणाले. "ये सुंदरबाई मॉडेल. सध्या हेच चालतंय. शिरपूर, नंदुरबार, सगळीकडून ऑर्केस्ट्रावाले येतात, दुसरं घेतच नाहीत."

वर, कपाटाच्या माथ्यावर, धुळीत एक गिटार आडवी पडली होती. पाटीवर झोकदार तिरकी सही. मी बोट दाखवलं. "आणि ती?"

"ती राहू द्या. ती साधी आहे. कोणीतरी रेघोट्या ओढून खराब केलीय."

त्यांनी कपाटातली एक काढली आणि हिंमतपुढे धरली. "हिचा दांडा बघा, किती बेताचा. उसकी वजह है. या सुंदरबाई होत्या ना, त्यांची डाव्या हाताची करंगळी तुटलेली होती. तीन बोटांनी वाजवायच्या! त्यांच्या हाताच्या मापाने बनवलीय ही. तशी बाई पुन्हा होणार नाही म्हणतात. आपने सुना था कभी उनको?"

हिंमतने डावा हात सावकाश पँटच्या खिशात घातला.

"ऐकेल शे ना!" तो म्हणाला. "दोंडाईचाले. मी शेजारीच व्हतू."